एकोणपन्नास ग्रॅमचा मोह

माझा जुना माउस निवृत्त झाला तो एका तळटीपेपायी. दोनशे चाळीस पानांच्या पुस्तकाची मांडणी शेवटच्या टप्प्यात होती. तळटीपेची चौकट धरून मी पुढच्या पानावर नेत होते आणि ती अर्ध्या वाटेतच सुटली. बटणावरचं बोट मी उचललंच नव्हतं. पुन्हा धरली, पुन्हा सुटली. तिसऱ्या वेळी ती अशी काही पडली की खालचा मजकूर तीन ओळी सरकला आणि त्याच्यामागे पुढची अकरा पानं.

त्याच रात्री भाच्याबरोबर व्हॅलोरंट हा गोळीबाराचा संगणकखेळ खेळताना एक गोळी झाडायची तिथे दोन सुटत होत्या. "मावशी, तू घाबरून दोनदा दाबतेस," त्याने निदान केलं. मी माउस त्याच्या हातात दिला. दोन मिनिटांनी तोही घाबरून दोनदा दाबायला लागला.

हा आजार सगळ्यांच्या ओळखीचा, डबल-क्लिक. बटणाखालच्या स्विचमध्ये धातूची एक पातळ पट्टी असते, ती वाकून समोरच्या संपर्काला टेकते. टेकताना ती क्षणभर थरथरते. नव्या स्विचमध्येही थरथरते, पण माउसमधली चिप तेवढे काही मिलिसेकंद काणाडोळा करते. वापरून वापरून पट्टीचा ताण सैल पडतो, संपर्कावर ऑक्साइडचा थर चढतो, थरथर लांबते आणि मग एका दाबाचे दोन होतात. किंवा धरून ठेवलेली वस्तू सुटते, माझ्या तळटीपेसारखी. ऑप्टिकल स्विचमध्ये दाब कळतो तो प्रकाशाचा किरण अडल्यामुळे किंवा मोकळा झाल्यामुळे, त्यामुळे हा विशिष्ट रोग त्याला होत नाही. नव्या माउसची पहिली अट तिथेच ठरली.

दुसरी अट, माउस एकच हवा. दिवसाचा वेगळा आणि रात्रीचा वेगळा असं मी करून पाहिलंय. हाताला दोन आकारांची सवय लागतच नाही, दोन्हीकडे तो पाहुणाच राहतो. आणि तिसरी, वजन कमी. ती खरं तर पहिली असल्यासारखी मी वागले, त्याची गोष्ट पुढे येईलच.

वजनाचं वेड कुठून लागलं ते सांगते. मी ८०० डीपीआय (माउस एक इंच सरकला की बाण किती ठिपके सरकतो तो आकडा) आणि खेळात ०.४ संवेदनशीलता ठेवते. त्या हिशेबाने पूर्ण गोल फिरायला माउस जवळजवळ ४१ सेंटिमीटर सरकवावा लागतो, आणि पाठीमागून कोणी आलं तर वळायला त्याच्या निम्मे. पॅडची कड आली की माउस उचलायचा, मध्ये आणून ठेवायचा, परत ओढायचा. एका संध्याकाळी हे किती वेळा होतं ते मी कधी मोजलं नाही, मनगटाने मात्र मोजलं होतं.

म्हणून मी स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा टेबलावर आणला. जुना माउस डबल ए सेलवर चालायचा. सेलसकट १०१ ग्रॅम भरला. नुसता अल्कलाइन सेल २३ ग्रॅम. त्याच्या जागी लिथियमचा डबल ए टाकला की तो १५ ग्रॅमचा, म्हणजे आठ ग्रॅम फुकटात गेले. ट्रिपल ए सेल प्लास्टिकच्या नळीत बसवून डबल एच्या जागी घालायचीही एक युक्ती आहे, त्यानेही साधारण तेवढंच कमी होतं. बॅटरीवरचा जुना माउस असेल तर नवा घेण्याआधी हे नक्की करून बघा. माझ्या माउसचा सेल मागच्या बाजूला होता, त्यामुळे वजनापेक्षा तोल सुधारल्याचं जास्त जाणवलं. उचलताना त्याचं बूड लोंबायचं ते थांबलं. पण डबल-क्लिक काही सेल बदलून जात नाही.

मग रात्र रात्र माउसच्या वजनांचे तक्ते वाचणं सुरू झालं. गेल्या काही वर्षांत या वजनांची मजाच झाली आहे. २०१८ साली लॉजिटेकचा जी प्रो वायरलेस ८० ग्रॅमचा आला तेव्हा लोक त्याला पीस म्हणत होते. २०२० मध्ये त्यांचाच सुपरलाइट ६३ ग्रॅमच्या आत आला. रेझरचा वायपर व्ही२ प्रो २०२२ मध्ये ५८ ग्रॅमवर, आणि २०२४ चा व्ही३ प्रो ५४ वर. आधी वजन घटवायला कवचाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं पाडायचे. मग भिंतीच पातळ करायला शिकले आणि भोकांची गरज उरली नाही. हे सगळं वाचलं की एक होतं, साठ ग्रॅमचा माउस जाड वाटायला लागतो. न धरताच.

तर मी घेतला एकोणपन्नास ग्रॅमचा. भोकांचा, बुटका, आखूड. कोणाचा ते महत्त्वाचं नाही, कारण चूक त्याची नव्हती.

पहिली रात्र स्वर्ग होती. हात विचार करायच्या आत बाण पोचत होता. दुसऱ्या दिवशी मांडणीला बसले आणि लक्षात आलं की क्लिक करताना माउसच जरासा हलतोय. बोटाच्या दाबाने तो रेसभर सरकायचा आणि मी धरायला गेलेल्या रेघेच्या शेजारची रेघ हाती यायची. शंभर ग्रॅमचा माउस दाब स्वतःच्या वजनावर पचवतो, हा पचवत नव्हता. चौथ्या दिवशी करंगळी आणि अंगठ्याचं मूळ ठणकायला लागलं. कारण साधं होतं. त्या बुटक्या माउसवर तळहात टेकायला जागाच नव्हती, आठ तास मी तो बोटांच्या टोकांनी उचलून धरल्यासारखा धरत होते. तासभराच्या खेळाला ते चालतं.

आणि भोकं! मी मुद्रितं अजून कागदावर, पेन्सिलीने तपासते. खोडरबराचा सगळा चुरा त्या भोकांतून आत. माउस हलवला की आत काहीतरी खुळखुळतंय असं वाटायचं. भाच्याचा हात लहान, त्याला तो माउस बरोबर बसला. मी "तुला हवा का" म्हणेपर्यंत त्याने तो स्वतःच्या संगणकाला जोडलाही होता.

इथून मी शहाणपणाने सुरुवात केली, म्हणजे वजन बाजूला ठेवून आधी हात मोजला. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत साडेसतरा सेंटिमीटर, अंगठा सोडून तळव्याची रुंदी आठ. मग फोन समोर उभा करून स्वतःच्या हाताचं चित्रण केलं, अर्धा तास काम करताना आणि अर्धा तास खेळताना. हे फार उपयोगी पडलं. काम करताना माझा अख्खा तळवा माउसवर पसरलेला असतो. खेळायला लागले की पाचव्या मिनिटाला बोटं आकड्यासारखी वळतात, तळव्याचा फक्त मागचा भाग टेकतो. म्हणजे पकडी दोन, माउस एक. दोन्ही पकडींत टेकणारा भाग कोणता? मागचा उंचवटा. माझ्या दृष्टीने माउस म्हणजे तो उंचवटा, बाकी सगळं त्याला जोडलेलं.

जुन्या माउसच्या पाठीवर मी मुलांची खेळायची चिकणमाती थापली आणि उंचवटा मागे-पुढे, वर-खाली करून पाहिला. दोन मिलिमीटरने किती फरक पडतो हे हाताला कळतं, डोळ्याला दिसतसुद्धा नाही. माझं उत्तर निघालं ४० मिलिमीटरच्या आसपास उंची, उंचवटा मध्यापेक्षा थोडा मागे, कमरेशी साठेक मिलिमीटर रुंदी. ही मापं हाती आल्यावर यादी एकदम आखूड झाली. अर्ध्याहून जास्त माउस न पाहताच बाद.

डीपीआयचे आकडे पाहणं तर मी सोडूनच दिलं. खोक्यावर ३२,००० लिहिलेलं असतं. १९२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर त्याचा अर्थ काय, तर माउस दीड मिलिमीटर सरकला की बाण या टोकाकडून त्या टोकाला. शिंकलात तरी पडदा ओलांडाल. ८०० ला तेच अंतर सहा सेंटिमीटर होतं, आणि माणसाचा हात तिथे राहतो. आजच्या कुठल्याही बऱ्या सेन्सरला ८०० किंवा १६०० नीट जमतं. सेन्सरपेक्षा तो पोटाखाली कुठे बसवलाय ते पाहावं. फार पुढे किंवा फार मागे असला की मनगट फिरवल्यावर बाणाचा प्रवास वेगळा लागतो.

पोलिंग रेटवरून घरात वाद झाला. १००० हर्ट्झ म्हणजे माउस दर मिलिसेकंदाला आपली जागा कळवतो. ८००० म्हणजे मिलिसेकंदाच्या आठव्या भागाला. माझा पडदा १४४ हर्ट्झचा, त्यावर नवं चित्रच सात मिलिसेकंदांनी येतं. शिवाय ८००० वर बॅटरी भराभर उतरते आणि प्रोसेसरलाही काम लागतं. भाचा म्हणाला, त्याला फरक "जाणवतो". मी गुपचूप त्याच्या माउसचं ४००० चं १००० केलं. आठवडा झाला, अजून त्याला काही जाणवलेलं नाही. तो हे वाचत नाही, असं मी गृहीत धरलं आहे.

बिनतारीचं मात्र नीट बघावं. ब्लूटूथ कामाला पुरतो, खेळाला नाही, खेळाला २.४ गिगाहर्ट्झचा डोंगलच हवा, म्हणजे संगणकाच्या यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर. मला दोन्ही असलेला माउस पाहिजे होता, कारण आठवड्यातून दोन दिवस मी प्रकाशकाकडे त्यांच्या लॅपटॉपवर बसते. तिथे कुठलंही सॉफ्टवेअर टाकायला बंदी आहे, म्हणून बटणांची रचना आणि डीपीआय माउसच्या स्वतःच्या स्मृतीत साठले पाहिजेत ही अटही आली. कामासाठी माउस घेणारे ही गोष्ट हमखास विसरतात आणि मग नव्या यंत्रावर सगळी बटणं कोरी.

नवा माउस आल्यावर पहिले दोन दिवस तो मध्येच अडखळायचा. परत करायच्या बेतात होते. डोंगल संगणकाच्या मागे लावला होता, शेजारी यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क. यूएसबी ३.० ची देवाणघेवाण चालू असताना तिच्यातून नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट निघतो. इंटेलने २०१२ मध्येच त्यावर टिपण काढलं होतं. खोक्यात एक वायर आणि छोटा जोड असतो, तो शोभेचा नसतो. डोंगल वायरीने ओढून पॅडच्या शेजारी आणला आणि अडखळणं गेलं.

आता चाकाबद्दल, कारण खरी तडजोड तिथे झाली. मांडणीच्या कामाला मला सैल सुटणारं चाक हवं असतं, एक झटका दिला की चाळीस पानं सरसर जावीत. अशी चाकं जड असतात. लॉजिटेकच्या एमएक्स मास्टर ३एस मध्ये ते झकास आहे, अंगठ्यापाशी आडवं चाकही आहे, आणि तो माउस १४१ ग्रॅमचा आहे. हलक्या माउसांत चाक खाचांचंच मिळतं. खेळात ते बरोबर, हत्यार बदलताना एक खाच म्हणजे एकच हत्यार. पण दोनशे चाळीस पानं खाचेखाचेने उतरायची म्हणजे बोटाला शिक्षा. मी बाजूच्या दोन बटणांना पान पुढे, पान मागे नेमून दिलं. चालतंय. आवडतंय असं म्हणणार नाही. मधल्या चाकाचा दाबही जरा कडक आहे. चाक दाबून नवी टॅब उघडताना मी अजून कधी कधी पानच सरकवते.

बाकी किरकोळ. माउसच्या पोटाखालच्या सरकपट्ट्या पीटीएफईच्या, म्हणजे टेफ्लॉनच्या, आहेत, काचेच्या घेतल्या नाहीत. त्या अजून घसरट असतात आणि मला घसरट नको, थांबता आलं पाहिजे. त्याच कारणाने पॅड जाड विणीच्या कापडाचा. विंडोजमधली 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' ही खूण काढून टाकली, नाहीतर वेगाप्रमाणे अंतर बदलत राहतं आणि हाताला काही शिकताच येत नाही. चार्जिंगचं तोंड पुढे आहे, बॅटरी संपली तर वायर लावून काम चालू राहतं.

माउस कोणता ते मुद्दाम लिहिलेलं नाही. तो माझ्या साडेसतरा सेंटिमीटरांना बसतो, तुमच्या वीसला कदाचित छळेल. वजन ६१ ग्रॅम. एकोणपन्नासच्या मानाने जड, पण क्लिक करताना जागचा हलत नाही, आणि महिना झाला तरी अंगठ्याचं मूळ गप्प आहे.

पुस्तक परवा छपाईला गेलं. तळटीप जिथे ठेवली तिथे राहिली. मी बाजूंना खरखरीत पट्ट्या चिकटवल्या, हाताला घाम येतो म्हणून. भाच्याने न विचारताच माउस उचलून काट्यावर ठेवला आणि गंभीर चेहऱ्याने आकडा वाचला, "मावशी, दोन ग्रॅम वाढले."