माहेरवाशिणींची वही

देगलूर तालुका, नागपंचमीनंतरचा दुसरा आठवडा, रात्र

आज उपकेंद्रात एक नवी वही सुरू झाली. किराणा दुकानातून आणलेली साधी दोनशे पानी वही आहे. सिस्टरांनी तिच्या पुठ्ठ्यावर स्केचपेनने 'माहेरवाशिणी' असे लिहिले आणि पहिल्या पानावर पट्टीने रकाने पाडले: नाव, माहेर, सासर, कितवे बाळंतपण, शेवटच्या पाळीची तारीख, हिमोग्लोबिन आणि सर्वांत शेवटी 'तिकडच्या सिस्टरचा फोन'. या शेवटच्या रकान्यासाठी आम्ही तीन आठवडे धडपडत होतो, म्हणून झोपण्यापूर्वी सगळे सविस्तर लिहून ठेवते.

वैद्यकीय इंटर्नशिपमध्ये सामुदायिक आरोग्यासाठी १२ आठवडे असतात आणि त्यांतला हा माझा सातवा आठवडा आहे. महाविद्यालयात हे दिवस पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या अभ्यासाचे मानले जातात. सही करून वसतिगृहात परतण्याची मुभा आपोआप मिळते आणि ती घेणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. मला याचे वाईट वाटते, कारण साडेचार वर्षांच्या शिक्षणात एखाद्या बाईला तिच्या स्वतःच्या उंबऱ्यात बसलेली पाहण्याची संधी मला इथेच नीट मिळाली.

हा सगळा भाग सीमेचा आहे. एका अंगाला कर्नाटकातला बिदर जिल्हा, दुसऱ्या अंगाला तेलंगणा. कोणाच्या घरात कन्नड बोलतात, कोणाच्या घरात तेलुगू; शाळा मराठी आणि बाजारात दखनी. सीमा म्हणजे रस्त्याकडेचा एक फलक आणि पुढे बदललेला डांबराचा रंग, एवढेच दिसते. राज्य पुनर्रचनेच्या वेळी, १९५६ साली, देगलूर तालुक्यातील जुक्कल आणि बिचकुंदा ही मंडळे नांदेड जिल्ह्यातून वगळली गेली आणि पलीकडे, आजच्या तेलंगणात राहिली. तालुका तुटला, पण सोयरिकी तुटल्या नाहीत. अजूनही इकडच्या मुली तिकडे दिल्या जातात आणि तिकडच्या इकडे येतात. आशाताईंच्या शेजारचे आजोबा मला म्हणाले, "जुक्कल काय परमुलूख हाय व्हय बाई? आमच्या बापाच्या टायमाला तिथलं कामबी देगलूरच्याच तहशिलीत व्हायचं."

तीन आठवड्यांपूर्वी अंगणवाडीत ग्राम आरोग्य व पोषण दिवस होता. लसीकरण संपत आले असताना एक मुलगी दाराशी येऊन उभी राहिली. पंचमीला म्हणून माहेरी आली होती आणि पहिले बाळंतपण असल्याने आता इथेच राहणार होती. वय वीस, आठवा महिना. चार पायऱ्या चढून तिला एवढी धाप लागली होती की बोलण्याआधी तिने चौकट धरली. आशाताईंच्या नोंदवहीत तिचे नाव नव्हते, आणि असण्याचे कारणही नव्हते, कारण तिची नोंद सासरी, जुक्कलच्या बाजूला झाली होती. एक मदतनीस सहज म्हणून गेल्या, "माहेरवाशीण हाय, आपली न्हाई ती." त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. आमची नोंदवही जे सांगते तेच त्या बोलत होत्या.

मुलीने पदराखालून एक कॅरीबॅग काढली आणि त्यातून चार घड्या घातलेले कार्ड. त्याच्या कोपऱ्यावर हळदीचे बोट उमटलेले होते. कार्ड पूर्ण तेलुगूत होते. मला आकडे वाचता येत होते, पण कोणता आकडा कशाचा हे कळत नव्हते. वजन कोणते, रक्तदाब कोणता हे अंदाजाने ओळखले, पण ८.१ या आकड्यावर माझे बोट थांबले. आशाताईंनी गल्लीतल्या एका तेलंगणाकडच्या सुनेला हाक मारली. ती कडेवरच्या लेकरासह आली, कार्ड उजेडात धरून एकेक ओळ वाचत गेली आणि म्हणाली, "रक्त हाय हे, पाचव्या महिन्यातलं." त्या सुनेचे शिक्षण सातवीपर्यंतचे आहे, त्या क्षणी त्या खोलीत सर्वांत उपयोगी ज्ञान तिच्याकडे होते. सिस्टरांनी लगेच मशीन काढले. आताचा आकडा ६.४ आला. सातच्या खाली गेले की तीव्र रक्तक्षय, आणि चौतीस आठवडे झालेल्या बाईला अशा वेळी नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन घरी पाठवता येत नाही. पापणी खाली ओढून पाहिली तर आतला भाग कागदासारखा पांढरा होता.

१०२ ची गाडी बोलावली आणि मी तिच्यासोबत गेले. रुग्णालयाच्या खिडकीवर पहिला प्रश्न पत्त्याचा आला. पत्ता तेलंगणाचा आणि रेशनकार्डही तिकडचे, हे कळल्यावर लिपिकांनी कागद परत सरकवला आणि सांगितले की हे पेशंट आपल्याकडचे नाही, रक्ताचे पैसे भरावे लागतील. मला संताप आला होता, पण निघताना सिस्टरांनी बजावले होते, "मॅडम, भांडू नका. कागद दाखवा." कागद शोधायची गरज पडली नाही. त्याच मार्गिकेत, खिडकीपासून दहा पावलांवर, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाचा फलक भिंतीवर रंगवलेला होता. २०११ पासून सरकारी रुग्णालयात येणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईला औषधे, तपासण्या, आहार, रक्त आणि ने-आण करणारे वाहन मोफत आहे, आणि त्यात कोठेही राज्याची अट नाही. मी लिपिकांना विनंती करून फलकापाशी नेले आणि दोघांनी मिळून तो वाचला. त्यांनी एक फोन केला, मग केसपेपर तयार झाला. त्या माणसाला दोष देऊन मी मोकळी होणार नाही. संगणकावर पत्त्याचा रकाना भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही, हे मी स्वतः पाहिले. तिला रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या, आणि पाच दिवसांनी ती माहेरी परत आली.

मग सासू आली. तिला सून बाळंतपणासाठी तिकडेच हवी होती आणि त्याचे कारण तिने लपवले नाही. तेलंगणा सरकारने २०१७ साली केसीआर किट योजना आणली, तेव्हा सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला १२,००० रुपये आणि मुलगी झाल्यास १३,००० रुपये ठरवले होते. ते आकडे या पट्ट्यात अजून तोंडपाठ आहेत. आमच्याकडे जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागातल्या पात्र बाईला ७०० रुपये मिळतात. धर्माबाद-बिलोलीकडच्या गावांनी मध्यंतरी तेलंगणात जाण्याची मागणी का केली होती, हे मला त्या ओसरीवर समजले. आई रूढीवर अडून होती, सासू हिशेबावर, आणि मधे बसलेल्या मुलीला कोणी काही विचारत नव्हते. आशाताईंनी विचारले. ती म्हणाली, "हितंच. हितं मला झोप लागते." सिस्टरांनी सासूला हिमोग्लोबिनचा आकडा नीट समजावून सांगितला, आणि त्या बाईने दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याची पिशवी पाठवून दिली.

आमच्या पुस्तकात ज्याला 'अ‍ॅडव्होकसी' म्हणून स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे, त्याला सिस्टरांकडे रोजच्या वापरातला शब्द आहे: पाठपुरावा. तालुक्याच्या मासिक बैठकीत मी हे प्रकरण मांडायचे ठरवले, तेव्हा त्यांनी मला थांबवले. एका बाईची गोष्ट सांगितली तर लोक हळहळतील आणि चहा येईल, त्यापेक्षा नावे घेऊन जाऊ, असे त्यांचे म्हणणे पडले. मग आशाताई आणि मी चार दिवस घरोघर फिरलो. पंचमीचा काळ असल्याने लेकी आलेल्याच होत्या. तीन गावांत सीमेपलीकडून आलेल्या अकरा गरोदर किंवा ओल्या बाळंतिणी सापडल्या, आणि त्यांतल्या एकीचेही नाव आमच्याकडे नव्हते. पोर्टलवर तिकडचा नोंदणी क्रमांक उघडत नाही, ही अडचण अधिकाऱ्यांनी सांगितली आणि ती खरी होती. सिस्टर म्हणाल्या, "पोर्टल व्हईल तवा व्हईल साहेब, वहीला तर परवानगी द्या." परवानगी मिळाली, आणि पलीकडच्या मंडलातील आरोग्य केंद्राचा फोन क्रमांकही साहेबांनीच मिळवून दिला.

या अकरांतल्या बाळंतिणींचा प्रश्न वेगळा आहे, आणि मला तो अधिक बोचतो. बाळाचे डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे असतात. आमच्याकडे बाळंतीण तिसऱ्या महिन्याच्या पुढे-मागे सासरी जाते, म्हणजे नेमका चौदा आठवड्यांचा डोस प्रवासात सापडतो. इकडे 'बाळ सासरी गेले' अशी नोंद होते आणि तिकडे ते बाळ कोणाच्याच यादीवर येत नाही. जन्मानंतरच्या घरभेटी, तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंतच्या, आशाताई आपल्या मनाने करतात. पण दुसऱ्या राज्यातल्या बाईसाठी केलेल्या पायपिटीचा मोबदला फॉर्ममध्ये बसवताना त्यांची फार ओढाताण होते. हे बैठकीत मी दोनदा बोलले. अजून उत्तर आलेले नाही, पुढच्या महिन्यात पुन्हा विचारणार आहे.

धाराशिव जिल्ह्यातल्या अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनमध्ये डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी गावातल्या बायकांना 'भारतवैद्य', म्हणजे गावच्या आरोग्यसेविका, म्हणून घडवले, हे मी पहिल्या वर्षापासून ऐकत आले होते. तेव्हा मला त्यात डॉक्टरांनी दिलेले शिक्षण दिसायचे. आता आशाताईंच्या मागून चालताना, कोणत्या घरात कोणती लेक कधी येणार हे त्यांना दिनदर्शिकेशिवाय माहीत असते हे पाहून, त्या शिक्षणाची दुसरी बाजूही असणार याची मला खात्री वाटू लागली आहे.

आज दुपारी वहीत पहिले नाव त्याच मुलीचे लिहिले. सदतीस आठवडे, हिमोग्लोबिन ८.८. मग पलीकडच्या सिस्टरना फोन लावला. त्या तेलुगू वळणाच्या मराठीत बोलत होत्या, आवाजावरून माझ्या आईच्या वयाच्या वाटल्या. मी आमची अकरा नावे सांगितली, त्यांनी ती लिहून घेतली आणि म्हणाल्या, "थांबा अम्मा, ठेवू नका. तुमच्याकडच्या चार सुना इकडे माहेरी आल्यात, त्यांची पण घ्या." त्या एकेक नाव सांगत गेल्या, मी मोठ्याने म्हणत गेले आणि सिस्टर लिहीत गेल्या. दुसऱ्या नावाला आशाताई उठल्या, कपाटातून जुनी नोंदवही काढून पाने उलटू लागल्या. चारांपैकी दोघी त्यांच्याच वस्तीतल्या होत्या. दोघींच्याही पुढे लाल शाईत लिहिलेले होते: 'घरी आढळली नाही'.