वाच पुढे

रविवार, रात्रीचे साडेअकरा

चार दिवस झाले, पुस्तक मागायला आलेल्या त्या मुलाला अजून फोन केलेला नाही. "विचार करून सांगतो" म्हणालो होतो. एका जुन्या पुस्तकापायी एवढा कसला विचार, असं हिने दोनदा विचारलं. मला सांगता येईना, म्हणून लिहायला बसलो.

पुस्तक म्हणजे अण्णांच्या पद्मिनी टॅक्सीचं वर्कशॉप मॅन्युअल, गाडी दुरुस्तीचं. माळा रिकामा करताना निघालं. अँबॅसिडरचं आणि मारुती ८०० चं रद्दीत गेलं, काही वाटलं नाही. हे मात्र हातातच राहिलं.

मुलगा चांगला आहे. आजोबांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणायचीच, असं मनावर घेतलंय त्याने. इंजिन उतरवलंय. पीडीएफ आहे त्याच्याकडे, पण ऑइलच्या हातांनी मोबाइल कसा चाळणार? खिडकीपाशी उभ्या उभ्या त्याने चार पानं उलटली आणि सहज म्हणाला, "काका, टॅक्सीवाल्याचं पुस्तक इतकं स्वच्छ कसं?"

तेच डोक्यात बसलंय.

स्वच्छ का, ते मला माहीत आहे. पुस्तकाला हात लावण्याआधी अण्णा मला साबणाने हात धुवायला लावायचे, आणि स्वतः कधीच हात लावायचे नाहीत. इंग्रजी वाचता यायचं नाही त्यांना. रविवारी सकाळी चाळीसमोर गाडी, बॉनेट वर, अण्णा आत वाकलेले आणि मी मडगार्डला टेकून पुस्तक घेऊन उभा. "वाच." हेड, म्हणजे इंजिनावरचं झाकण, बसवताना नट कुठल्या क्रमाने आवळायचे याचं एक चित्र आहे त्यात. मधल्यापासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जायचं, तेही एका दमात नाही, दोन-तीन फेऱ्यांत थोडं थोडं. एका टोकाकडून आवळत गेलं तर हेडला बाक येतो आणि गॅस्केट गळायला लागतं. मी चित्रातला नट दाखवून आकडा म्हणायचो, अण्णांचा पाना त्या नटावर जायचा. "वाच पुढे." फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. त्या ओळीखाली माझ्या पेन्सिलीने मराठीत 'फायरींग ऑडर' लिहिलेलं आज दिसलं. अक्षर किती गोल होतं माझं तेव्हा.

इतकी वर्षं मी धरूनच चाललो होतो की मी वाचायचो म्हणून गाडी चालायची. शाळेत पहिला नंबर ताईचा, घरातली कामं आईची, माझ्या वाट्याला तेवढं एकच होतं. पण अण्णांनी एकदाही पुस्तकात डोकावून बघितलं नाही, हे त्या मुलाच्या बोलण्यामुळे आज पहिल्यांदा लक्षात आलं.

आणि मग खंबाटकी आठवला. मे महिना, गावाला निघालेलो, अर्ध्या घाटात गाडी बंद. उन्हाने आणि इंजिनाच्या तापाने पंपातल्या पेट्रोलची वाफ झाली की पंप नुसताच हलत राहतो, पुढे काही ढकलत नाही. मी धावत जाऊन डिकीतून पुस्तक काढलं. अण्णांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आईच्या हातातला पंचा घेतला, कळशीत बुडवला, पिळला आणि पंपावर टाकला. पंधरा-वीस मिनिटं झाडाखाली बसलो आणि निघालो. पुस्तक पूर्ण वाटभर माझ्या मांडीवर होतं.

म्हणजे त्यांना सगळं येत होतं. नटांचा क्रम, पॉइंटचा गॅप, सगळं. मग मला तिथे कशाला उभं केलं होतं? मी क्रिकेटला जाऊ नये म्हणून? इंग्रजी सुधारावं म्हणून? अण्णांना विचारायचं राहूनच गेलं. त्या शेवटच्या महिन्यांत बोलण्यासारखं दुसरंच एवढं होतं.

कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून ही गाडी निघायला लागली, पद्मिनी हे नाव १९७४ चं. अण्णा मात्र शेवटपर्यंत फियाटच म्हणायचे. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची काळीपिवळी पद्मिनी वीस वर्षांची मुदत संपून बंद झाली, तेव्हा सगळ्या पेपरांत फोटो आले होते. त्या दिवशी मी चहा पीत बातमी वाचली आणि ऑफिसला गेलो. आज हे पुस्तक घेऊन घरभर फिरतोय.

संध्याकाळी ताईला फोन केला. विचारलं, अण्णांना पाठ होतं का गं सगळं?

"होतं की," ती म्हणाली. "आईला हरिपाठ पाठ नव्हता का? तरी रोज तुझ्याकडून वाचून घ्यायचीच ना?"

मग बराच वेळ दोघंही काही बोललो नाही. नंतर ती तिच्या गुडघ्यांबद्दल बोलली.

उद्या सकाळी त्या मुलाला फोन करतो. पुढच्या रविवारी हेड बसवायचं म्हणत होता. पुस्तक द्यायला मीच जाईन, आणि त्याला चालणार असेल तर तेवढं एक पान वाचून दाखवीन. गाडी सुरू होईपर्यंत थांबेन.

मधली दोन पानं सुटी झाली होती, ती जागच्या जागी लावून ठेवली. डिंक लावणार होतो, पण ही म्हणाली, झुरळं लागतील. आता दोरा ओवून देते म्हणालीय.