कांगामिरु: ‘नि’ की ‘ओ’? गुंता सुटला

कांगामिरु (‘लक्षात घेणे’) हे जपानी क्रियापद लीच झालं, म्हणजे पुन्हा पुन्हा चुकणारं कार्ड. आठवा लॅप्स (आलेलं विसरणं), आन्की या फ्लॅशकार्ड अ‍ॅपने कार्ड बाजूला काढलं. अर्थ दर वेळी बरोबर. चूक एकाच जागी, ‘नि’ या प्रत्ययाऐवजी कर्माचा ‘ओ’.

चूक शिरते मराठीतून. कार्डामागे ‘परिस्थिती लक्षात घेऊन’ लिहिलं की परिस्थिती कर्म होते आणि हात ‘ओ’कडे जातो. ‘गेन्जोउ ओ कोउर्‍यो शिते’ला (‘सद्यस्थिती विचारात घेऊन’) ते चालतं, इथे नाही. त्यात जपान्यांच्या मेलमध्येही ‘ओ कांगामिते’ सर्रास दिसतं, म्हणजे वाचून वाचून कान तयार होईल ही आशाही नको.

उलगडा कांजीतच, म्हणजे शब्दाच्या चित्रलिपीतल्या चिन्हातच होता! डावीकडे 8 स्ट्रोकचं कानेहेन (‘धातू’ सुचवणारा भाग), उजवीकडे 15 स्ट्रोकचं, ‘देखरेख’ अर्थाचं ‘कान’ हे चिन्ह, एकूण 23. मूळ अर्थ आरसा. जुने आरसे काशाचे, म्हणून धातूचा रॅडिकल. ‘कागामि’ हा आरसाही याच कुळातला. तेव्हा ‘नि’च्या आधी येतो तो आरसा, त्यात पाहून निर्णय पारखायचा. आरसा पाहायचा नाही, आरशात पाहायचं. 15 ऑगस्ट 1945 ला रेडिओवर ऐकवलेल्या शरणागतीच्या राजाज्ञेत बघा: ‘सेकाइ नो ताइसेइ तो तेइकोकु नो गेन्जोउ तो नि कांगामि’. जगाचा रोख आणि साम्राज्याची सद्यस्थिती असे दोन आरसे, आणि दोघांना मिळून एकच ‘नि’.

कार्डाची मराठी बाजू आता ‘परिस्थितीकडे पाहता’ अशी केली आहे, आणि क्लोझमध्ये (रिकामी जागा भरायच्या कार्डात) झाकायचा तो फक्त प्रत्यय. रूप इचिदान (‘रु’ काढून ‘ते’ लागणारा गट): कांगामिते, ‘कांगामित्ते’ नव्हे. सोबतीला जिजोउ (परिस्थिती), जोउसेइ (घडामोडींचा रोख), सेनरेइ (पूर्वीचा दाखला) अशी भारदस्त नामंच हवीत. पाऊस बघून छत्री घेताना हा शब्द नको.

वाक्यांसाठी तयार डेकपेक्षा ई-गव्ह या जपान सरकारच्या संकेतस्थळाचा कायदेशोध कितीतरी सरस. फुकट आहे आणि पहिल्याच कलमात ‘...नि कांगामि’ बऱ्याचदा सापडतं. अडचण एकच: ही कुन्-योमि (कांजीचा जपानी उच्चार) जोयो यादीत, म्हणजे नेहमीच्या कांजींच्या सरकारी यादीत 2010 साली आली, त्याआधीच्या कायद्यांत शब्द हिरागाना या उच्चारी लिपीत आहे. शोध दोन्ही लिपींत घ्या, नाहीतर निम्मा माल हातचा जातो.

पुढचा नंबर सोन्ताकुचा (समोरच्याच्या मनातलं ओळखून वागणे) होता. पण आरशावरून ‘नि तेराशिते’ (‘...शी ताडून पाहता’) आठवलं. तिथे ‘नि’च्या आधी बहुधा कायदा, नियम, निकष येतो, इथे परिस्थिती. या जोडीची सहा क्लोझ कार्डं आधी, सोन्ताकु त्यानंतर.