सँ मालोत दहा दिवस भाड्याच्या घरात

पाच दिवसांचे गणपती बोळवले आणि दुसऱ्या दिवशी आई, मी आणि नवरा फ्रान्सला निघालो. आईचा जन्म अलिबागचा, त्यामुळे समुद्राजवळच राहायचं हे ठरलेलं होतं. तिच्या पथ्याचं रांधायला स्वयंपाकघर हवं होतं, म्हणून हॉटेल नको. ब्रिटनीतल्या सँ मालो गावात, पारामे भागात, समुद्राला लागून असलेल्या इमारतीत दोन खोल्यांचं घर घेतलं.

शेंगेन व्हिसासाठी प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा लागतो आणि किमान 30,000 युरोचा विमाही. त्यामुळे आधी फुकट रद्द करता येणारं बुकिंग केलं आणि व्हिसा हातात आल्यावरच पैसे भरले. बुकिंग तिघांच्याही नावाने करून घ्या. एकाच नावाचं पत्र असेल तर बाकीच्यांच्या अर्जाला जोडताना अडचण येते.

घर निवडताना जाहिरातीत नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. तो 13 आकड्या-अक्षरांचा असतो. सँ मालोने 2021 पासून पर्यटकांना द्यायच्या घरांवर भागवार मर्यादा घातली आहे, कारण गावकऱ्यांनाच राहायला घरं मिळेनाशी झाली होती. मला हे पटलं. अलिबागच्या आमच्या आळीत आता निम्म्या घरांना कुलूप असतं आणि शनिवारी फक्त गाड्या येतात. म्हणून क्रमांक नसलेली दोन स्वस्त घरं मी सोडून दिली.

पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून थेट गाडी मिळते, सव्वादोन-अडीच तासांत पोचतो. किल्ली दाराजवळच्या आकडे फिरवायच्या छोट्या पेटीत होती. चादरी-टॉवेलचे पैसे वेगळे, सफाईचे वेगळे, शिवाय माणशी दर रात्रीचा पर्यटन कर. लिफ्ट नव्हती. हे मी आधी विचारलं नव्हतं आणि आईला दोन मजले रोज चढावे लागले, याचं मला अजून वाईट वाटतं.

टेबलावर चार पानी यादी होती. ‘एता दे लिय’ म्हणतात त्याला, म्हणजे घर ताब्यात घेतानाची स्थिती. चमचे सहा, वाडगे चार, सालकाढणं एक. आई चष्मा लावून यादी वाचायला बसली, मी कपाटं उघडत गेले. एका वाडग्याच्या काठाला टवका होता आणि न्हाणीघरातल्या आरशाच्या कोपऱ्याला तडा. दोन्हींचे फोटो काढून त्याच संध्याकाळी मालकाला पाठवले. अनामत म्हणून कार्डावर 400 युरो अडकवलेले होते.

त्याच टेबलावर भरती-ओहोटीच्या वेळांची लहानशी पुस्तिका होती. आईने ती उशाशीच ठेवली. आमचे बाबा तिथीला तिनाने गुणून चाराने भागायचे. येईल ती भरतीची वेळ. पौर्णिमेला त्या हिशेबाने सव्वाअकरा येतात. पुस्तिकेत मात्र संध्याकाळचे आठ! ‘यांचा समुद्र वेगळं पंचांग पाळतो गं,’ आई म्हणाली. तिथे प्रत्येक भरतीला तिच्या जोराचा 20 ते 120 मधला आकडा दिलेला असतो. आकडा लहान असला की आपल्याकडचा भांग, म्हणजे कमी जोराची भरती, शंभराच्या वर गेला की उधाण. मोठ्या उधाणात पाणी बारा-तेरा मीटर चढतं-उतरतं. आपल्या किनाऱ्यावर असं काही मी कधी पाहिलेलं नाही.

पौर्णिमेला दुपारी अडीचच्या ओहोटीला आम्ही ग्राँ बे बेटावर चालत गेलो, जसं अलिबागला कुलाबा किल्ल्यात जातात तसं. शातोब्रियाँ या लेखकाची 1848 सालची समाधी तिथे आहे, समुद्राकडे तोंड करून, नाव न कोरलेली. वाटेच्या तोंडाशी पाटी आहे: रस्त्यावर पाणी आलं असेल तर बेटावरच थांबा. आईला ती वाचून दाखवायची गरजच पडली नाही. पाणी वळायच्या आत तिने आम्हाला परत फिरवलं.

दुसऱ्या दिवशी आकडा 110 च्या वर होता. घराच्या सूचनांत लिहिलं होतं की अशा रात्री खिडक्यांच्या बाहेरच्या झडपा लावून घ्याव्यात. खाली वाळूत ओकच्या जाडजूड ओंडक्यांच्या रांगा रोवलेल्या आहेत, लाटांचा जोर मोडायला. आठ वाजता त्या दिसेनाशा झाल्या. मग बंधाऱ्यावर पहिली लाट आपटली आणि पाणी थेट आमच्या काचेपर्यंत उडालं. मी झडप ओढायला गेले तर आईने हात धरला. ‘थांब जरा, बघू दे.’ तासभर ती खिडकीत उभी होती, गुडघे विसरून.

निघताना सकाळी दहाला घर सोडायचं होतं. भांडी घासली, कचरा वेगळा करून टाकला, पुन्हा फोटो काढले. चार दिवसांनी मालकाचा निरोप आला, आरशाचे 60 युरो कापतोय म्हणून. पहिल्या संध्याकाळचा फोटो तारखेसकट परत पाठवला. आठवड्याने 400 युरो पूर्ण मोकळे झाले.