वहीतली बारा व्याख्यानं

रविवार, 28 डिसेंबर 2025

आज आमच्या बाग मंडळातलं यंदाचं शेवटचं व्याख्यान झालं. महिन्याला एक पाहुणा, अशी बारा. घरी आल्यावर वही चाळली. गुलाबाची चार पानं आहेत, अक्षर मोत्यासारखं, आणि माझा गुलाब मात्र तसाच खराट्यासारखा. मातीविना भाजीवाल्या पाहुण्यांच्या तारखेखाली एवढंच लिहिलंय : 'चहा बरा होता.' एप्रिलमध्ये हिरव्या जाळीची सावली, मेमध्ये निंबोळी अर्क (लिटरला 50 ग्रॅम कुटलेली निंबोळी, रात्रभर भिजवून, गाळून). ते उपयोगी पडलं.

जूनचं पान मात्र चिखलाच्या बोटांनी भरलंय.

सांगोल्याकडचे एक डाळिंब बागायतदार आले होते. स्लाइड नाही, काही नाही. पिशवीत तेल्या रोग पडलेली दोन फळं. आम्हाला खतं हवी होती आणि काका तासभर बोलले पाणी न देण्यावर. मृग, हस्त की आंबे, कोणताही बहार (फुलं-फळं धरायचा हंगाम) धरा, आधी बागेला ताण द्यायचा. पाणी तोडायचं, महिना-दीड महिना. हलक्या जमिनीत कमी, भारी काळ्या जमिनीत जास्त. पानं पिवळी पडून गळतात. मग छाटणी, खत, पहिलं पाणी, आणि कळी.

मी उठून विचारलं, माझी बोगनवेल तीन वर्षं नुसती पानांनी का माजलीय?

"पाणी कधी घालता?"

"रोज. आणि नळ यायच्या दिवशी जरा जास्त."

"पाणी पाजून पाजून मारलालाव की ताई झाडाला!"

सगळं सभागृह हसलं. मला राग आला होता, खरं सांगते. चार-पाच दिवसांनी नळ येणाऱ्या गावात कुणी माणूस झाडं बुडवून मारेल का? पण घरी येऊन विचार केला. नळ यायचा म्हटलं की पिंपातलं शिळं पाणी आपण ओतून टाकतो. मी ते बादल्या-बादल्या कुंड्यांत ओतत होते. वाया जाऊ नये म्हणून! कुंडीत काळी माती, ती पाणी धरून बसते, मुळांना हवा मिळत नाही. मेलेला कढीपत्ता उपटून पाहिला तर मुळं काळी, बुळबुळीत, वास मारणारी. दोन वर्षं मी उन्हाला दोष देत होते.

आता आधी बोट खुपसायचं, दोन पेरं कोरडी लागली तरच पाणी. शिळं पाणी फरशी धुवायला.

दसऱ्यानंतर बोगनवेलीचं पाणी तोडलं. पानं माना टाकू लागली तेव्हा हे म्हणाले, "अगं, आता मारतेस का तिला?" चार वेळा तांब्या उचलून परत ठेवला. दिवाळीनंतर गच्चीचा कठडा गुलाबी झाला. (तो रंग पानांचाच असतो, फूल आत इवलंसं पांढरं. हे ऑक्टोबरच्या बाईंनी सांगितलं, तीस वर्षांनी माझ्या ज्ञानात भर.)

आज परत येताना नंदीध्वजांचा सराव चालला होता, गल्लीत गर्दी. गड्डा, म्हणजे आमच्या सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, जवळ आला. रिक्षा थांबली तेवढ्यात अध्यक्षांचा फोन : मार्चचं व्याख्यान तुम्ही द्या. नाही म्हणता आलं नाही. विषय ठरलाय, मेलेली झाडं. रिकाम्या कुंड्या मोजल्या, अकरा निघाल्या. रिक्षात मावणार नाहीत, पुतण्याचा टेम्पो सांगून ठेवायला हवा.