कर्सर कुठे आहे?

आमच्या तुकडीने शाळेत संगणक पाहिला तो केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पामुळे. १९८४-८५ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पातून देशभरातील निवडक शाळांना ॲकॉर्न या ब्रिटिश कंपनीचे बीबीसी मायक्रो हे संगणक मिळाले होते, आणि बडोद्यातील आपली शाळा त्या यादीत असल्याचा दांडिया बाजार-रावपुऱ्यातील पालकांना जरा जास्तच अभिमान होता. शिकवण्याचे काम गणिताच्या सरांकडे आले. त्यामुळे यंत्राला हात लावण्याआधी आम्हाला आलेखाची वही उघडावी लागली.

‘मोड ७’ या मजकूर दाखवण्याच्या पद्धतीत त्या स्क्रीनवर ४० रकाने आणि २५ ओळी मावत. सर तेवढ्याच चौकटी वहीत आखून घेत, स्नेहसंमेलनाची सूचना एका चौकटीत एक इंग्रजी अक्षर याप्रमाणे लिहायला लावत आणि मगच ‘प्रिंट टॅब’ ही ठरावीक चौकटीत मजकूर उमटवणारी आज्ञा टंकू देत. कंसात आधी रकाना, मग ओळ. मोजणी शून्यापासून, म्हणजे डावीकडचा वरचा कोपरा शून्य-शून्य. उजवीकडची अगदी खालची चौकट मात्र लाल पेन्सिलीने भरून टाकायची, अशी त्यांची सक्त ताकीद होती. कारण विचारले तेव्हा त्यांनी एका मुलाकडून नेमकी तिथेच फुली छापवून घेतली. कर्सरला, म्हणजे पुढचे अक्षर कुठे उमटणार ते दाखवणाऱ्या खुणेला, पुढे जागा उरली नाही, सगळा मजकूर एक ओळ वर सरकला आणि सर्वांत वरचे शीर्षक नाहीसे झाले.

पदवीनंतर मी सयाजीगंजातील एका कार्यालयात रुजू झालो. तिथे युनिक्स या कार्यप्रणालीवर चालणारा एकच संगणक होता आणि त्याला सिरियल केबलने जोडलेली हिरव्या अक्षरांची टर्मिनल्स होती. या टर्मिनलचे काम एवढेच, की दाबलेली कळ तारेतून पाठवायची आणि तारेतून आलेले अक्षर दाखवायचे. मजकूर आणि हुकूम एकाच तारेतून येत असल्यामुळे दोहोंत फरक करायला एक खूण लागते, आणि ती खूण म्हणजे २७ क्रमांकाचे एस्केप हे अक्षर. डेक कंपनीच्या १९७८ सालच्या व्हीटी-१०० या टर्मिनलला एस्केप, डावा चौकोनी कंस, ओळीचा आकडा, अर्धविराम, रकान्याचा आकडा आणि मोठा एच एवढे पाठवले की कर्सर त्या जागी जाऊन बसतो. इथे ओळ आधी येते आणि मोजणी एकपासून सुरू होते, म्हणजे शाळेत शिकलेल्याच्या बरोबर उलट. कंसानंतर २ आणि मोठा जे आले तर स्क्रीन पुसली जाते, ७ आणि लहान एम आले तर पुढची अक्षरे उलट्या रंगात उमटतात. त्याच कंपनीच्या आधीच्या व्हीटी-५२ ची रीत याहून विचित्र होती: ओळ आणि रकाना शून्यापासून मोजून त्यांत प्रत्येकी ३२ मिळवायचे आणि येणाऱ्या क्रमांकाची अक्षरे पाठवायची.

अशा निरनिराळ्या रीती प्रत्येक प्रोग्रामला पाठ करून घेणे अशक्यच होते. म्हणून अमेरिकेतील बर्कले विद्यापीठात बिल जॉय यांनी टर्मिनलांच्या सवयींची टर्मकॅप ही यादी तयार केली आणि केन अर्नोल्ड यांनी कर्सेस ही लायब्ररी, म्हणजे कुठल्याही प्रोग्रामला वापरता येणारा तयार आज्ञांचा संच, लिहिली. कर्सेसचे खरे मोल मंद तारेवर कळते. सेकंदाला ९६०० बिटच्या वेगाने, एका अक्षरामागे दहा बिट धरून, सेकंदाला जेमतेम ९६० अक्षरे जात, तर २४ ओळी आणि ८० रकाने मिळून १९२० अक्षरे होतात. म्हणजे पूर्ण स्क्रीन नव्याने लिहायला दोन सेकंद. कर्सेस आधीची स्क्रीन स्मरणात ठेवते, नवीशी ताडून पाहते आणि जेवढे बदलले तेवढेच धाडते. सध्याच्या कितीतरी प्रोग्रामांना एवढी काटकसर सुचत नाही, हे जाता जाता नोंदवतो.

सरांच्या लाल चौकटीवर व्हीटी-१०० ने काढलेला तोडगा मला फार आवडला. ८० व्या रकान्यात अक्षर उमटल्यावर तिथला कर्सर लगेच खालच्या ओळीत उतरत नाही. पुढचे अक्षर येईपर्यंत तो तिथेच थांबतो, त्यामुळे शेवटचा कोपरा बिनधास्त भरता येतो. अर्थात प्रोग्रामने मनात धरलेली जागा आणि खरी जागा यांत गफलत होण्याची शक्यता त्यामुळेच वाढते. अशा वेळी एस्केप, कंस, ६ आणि लहान एन पाठवून टर्मिनललाच जागा विचारावी. उत्तर मात्र कळा दाबल्यासारखेच त्याच तारेतून येते, तेव्हा कोणी टंकत असेल तर दोन्ही निवडून वेगळे करावे लागते.

देवनागरीत एका चौकटीत एक अक्षर हा हिशेबच मोडतो. ‘श्रीकृष्ण’ हे नाव वाचणाऱ्याला तीन अक्षरांचे, युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या संकेतप्रणालीत ते नऊ चिन्हांचे, आणि ती चिन्हे साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत २७ बाइटचे. ते किती रकाने व्यापेल याबद्दल प्रोग्रामचा हिशेब आणि टर्मिनलचा हिशेब आजही पुष्कळदा जुळत नाही. साहजिकच एखाद्या मंडळाच्या सभासदांच्या यादीत नावापुढचे वर्गणीचे आकडे वेडेवाकडे सरकतात. त्यावर मी वापरतो तो उपाय साधा आहे: नावानंतर मोजून रिकाम्या जागा भरायच्याच नाहीत, एस्केप, कंस, रकान्याचा आकडा आणि मोठा जी एवढे पाठवून कर्सरला थेट वर्गणीच्या रकान्यात नेऊन उभे करायचे. मग नाव कितीही लांबरुंद असो, आकडे एकाखाली एक येतात.