आमची वाटचाल : सोयाबीनकडून मक्याकडे

इंदूरच्या सांवेर रोडवर बाबांनी वर्कशॉप टाकलं तेव्हा माळव्यात सोयाबीनचा जोर होता. तेल काढणाऱ्या सॉल्व्हंट प्लांटच्या टाक्या, पाइप, कंडेन्सर यांवरच घर चालायचं. पुढे ती कामं आटली. 2018च्या जैवइंधन धोरणानं मका आणि खराब झालेल्या धान्यापासून इथेनॉल, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं अल्कोहोल, करायला वाट मोकळी करून दिली, तेव्हा आम्ही त्याचे प्लांट बांधण्याकडे वळलो.

आमच्या आत्याला अजून वाटतं, भाचा दारूच्या भट्ट्या बांधतो. फारशी चुकत नाही ती! मका दळून पाण्यात कालवायचा (हा झाला मॅश), वाफ आणि एन्झाइमनं स्टार्च पातळ करायचा, दुसऱ्या एन्झाइमनं त्याची साखर करायची आणि मग ३२ अंशांच्या आसपास यीस्टच्या हवाली करायचं. दोन-अडीच दिवसांत या आंबलेल्या पाण्यात, म्हणजे वॉशमध्ये, 10-12 टक्के अल्कोहोल तयार होतं. टनभर मक्यातून साधारण 380 लिटर इथेनॉल हाती येतं.

आमचा जीव अडकतो तो पाइपात. कुठे आंधळी फांदी, म्हणजे प्रवाह न फिरणारा बंद तुकडा, राहिली की तिथे मॅश साचतो, लॅक्टिक जिवाणू वाढतात, साखर खाऊन आम्ल सोडतात आणि यीस्ट मंदावतं. म्हणून आम्ही व्हॉल्व्ह मुख्य पाइपाला लागूनच बसवतो, उतार काटेकोर ठेवतो, वेल्ड आतून घासून गुळगुळीत करतो. बाहेरची चकाकी बघून खूश होणारं गिऱ्हाईक मला जरा नवखंच वाटतं.

कॉलममध्ये, म्हणजे ऊर्ध्वपातनाच्या उंच मनोऱ्यात, उकळून इथेनॉल 95-96 टक्क्यांपुढे जात नाही. इंधनाला मात्र 99.5च्या वर हवं. तिथे झिओलाइट या सच्छिद्र खनिजाचे मणी लागतात : त्यांच्या तीन अँगस्ट्रॉमच्या (रेणूएवढ्या बारीक) छिद्रांत पाणी शिरतं, इथेनॉल बाहेर राहतं. मणी आम्ही विकत घेतो, त्यांची पात्रं इथेच बनतात. वाफेबरोबर थेंब आत गेले तर मणी फुटतात, त्यामुळे आधीच्या सुपरहीटरवर, म्हणजे वाफ आणखी तापवून कोरडी करणाऱ्या यंत्रावर, आम्ही कधी काटकसर करू देत नाही.

2025मध्ये पेट्रोलमधलं इथेनॉल 20 टक्क्यांवर पोहोचलं आणि नव्या प्लांटच्या चौकश्या रोडावल्या. सध्या जास्त काम ड्रायरचं आहे. अल्कोहोल काढून उरलेला मक्याचा चोथा त्यात वाळवून गुरांना, कोंबड्यांना घालतात. ओला चोथा उन्हाळ्यात लगेच आंबतो, म्हणून ड्रायर अडला की फोन हमखास रात्री येतो आणि धाकटा भाऊ अवजारं घेऊन निघतो.